दुसऱ्याच्या पेशी, आपला मेंदू

किनवट-माहूरकडच्या रानात पावसाळा सरत आला की खाजकुहिलीच्या वेलांना शेंगा लागतात. गुरं राखणारी पोरं ही वेल लांबूनच ओळखतात, कारण शेंगेवरची तांबूस लव अंगाला लागली की आग-आग होते. याच शेंगेच्या बियांत एल-डोपा नावाचे द्रव्य असते. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी ते १९३७ मध्ये बियांतून वेगळे काढून दाखवले. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुहिलीच्या बियांची पूड पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांना देऊन आलेले अनुभव शास्त्रीय नियतकालिकात मांडले. आज नांदेडच्या औषधदुकानात मिळणाऱ्या कंपवाताच्या गोळीचा गाभाही हेच द्रव्य आहे. (रानातल्या बिया आणून घरी पूड करून खाणे मात्र धोक्याचे. एका बीत किती औषध आहे हे कोणालाच सांगता येत नाही.)

गोळीने थरथर कमी होते, चाल सुधारते, शर्टाची बटणे पुन्हा स्वतःची स्वतःला लावता येतात. पहिली काही वर्षे तर रुग्णाला आपण बरेच झालो असे वाटते. मग हळूहळू गोळीचा असर लवकर उतरू लागतो, दिवसाला तीनऐवजी पाच गोळ्या होतात, अंग नको तेव्हा वेडेवाकडे हलू लागते. याचे कारण सरळ आहे. मेंदूच्या तळाशी, खोलवर, काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागाला पुरवतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी मरत जातात. हात थरथरू लागतो तोवर डोपामिनचा निम्म्याहून अधिक पुरवठा तुटलेला असतो. गोळी बाहेरून डोपामिनचा कच्चा माल पुरवते, पण मरणाऱ्या पेशी मरतच राहतात.

मग मेलेल्या पेशींच्या जागी दुसऱ्या कोणाच्या तरी जिवंत पेशी घातल्या तर? रक्त देता येते, डोळे देता येतात, मूत्रपिंड देता येते. मेंदूच्या पेशीही दान करता येतील का?

हा प्रश्न जगातल्या मोजक्या प्रयोगशाळांनी गेली चाळीसेक वर्षे धरून ठेवला आहे. त्याचे उत्तर आता कुठे आकार घेऊ लागले आहे. आणि नेमक्या याच काळात त्याच प्रश्नाच्या नावावर लाखो रुपये उकळणारी दुकानेही उभी राहिली आहेत. म्हणून खरे काय घडले आहे ते नीट समजून घेणे किनवटकडच्या इस्लापूरसारख्या गावातल्या कुटुंबाला फार गरजेचे आहे. इथे घरातला कर्ता माणूस अडखळत चालू लागला की आधी ते म्हातारपण मानले जाते, मग कोणी म्हणते अंगावरून वारं गेलं असेल. गोकुंद्याचे उपजिल्हा रुग्णालय, नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर थेट हैदराबाद, अशा फेऱ्या सुरू होतात. मेंदूविकारतज्ज्ञ गाठेपर्यंत कधी कधी वर्ष निघून गेलेले असते. अशा थकलेल्या घरात मोबाइलवर ‘स्टेम सेलने पार्किन्सन्स बरा’ अशी चित्रफीत येते, तेव्हा शेत विकायचा विचार मनात येणे अगदी माणसासारखे आहे.

पार्किन्सन्स हा काही फक्त पाश्चात्त्यांचा आजार नाही. मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चौदा हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. १९८८ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले तेव्हा लाखामागे ३२८ रुग्ण असे प्रमाण निघाले. तोवर जगात कुठेही नोंदल्या गेलेल्या मोठ्या आकड्यांपैकी हा एक होता. पारशी समाजात वयस्कांची संख्या मोठी, हे त्यामागचे एक कारण. मराठवाड्यातही माणसे आता पूर्वीपेक्षा जास्त वर्षे जगतात, आणि वय वाढले की मेंदूच्या झिजेचे आजारही वाढतात: पार्किन्सन्स, अल्झायमर, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात तो ए.एल.एस., घराण्यात उतरणारा हंटिंग्टन. लहान मुलांनाही असे आजार होतात. त्यांतल्या एकाची गोष्ट पुढे येईल.

पहिले धाडस स्वीडनमधल्या लुंड शहरात झाले. अँडर्स ब्यॉर्कलुंड यांनी उंदरांवर वर्षानुवर्षे काम करून दाखवले होते की गर्भाच्या मेंदूतल्या कोवळ्या डोपामिन-पेशी दुसऱ्या मेंदूत तग धरतात आणि तिथे धागे पसरतात. १९८७ मध्ये ओले लिंडवाल आणि त्यांच्या चमूने पहिल्या रुग्णांवर ही शस्त्रक्रिया केली. पेशी आल्या होत्या गर्भपात झालेल्या, काही आठवड्यांच्या गर्भांतून, त्या त्या स्त्रीची संमती घेऊन. वयाचे गणित इथे फार महत्त्वाचे. बी टाकले तर ते काय होऊन उगवेल याचा भरवसा नाही, आणि वाढलेले झाड उपटून लावले तर ते मरते. रोपवाटिकेतले योग्य वयाचे रोप तेवढे नव्या जमिनीत मूळ धरते. मेंदूच्या पेशींचेही तसेच निघाले. काय व्हायचे ते ठरले आहे, पण अजून पुरते झालेले नाही, अशा टप्प्यावरच्या पेशीच नव्या मेंदूत जगतात.

लुंडच्या काही रुग्णांना खरोखर फायदा झाला, आणि तो पुष्कळ वर्षे टिकला. पण मोजक्या रुग्णांच्या अनुभवावर उपचार ठरत नाही. म्हणून अमेरिकेत कर्ट फ्रीड यांनी ४० रुग्ण घेतले. निम्म्यांच्या मेंदूत पेशी घातल्या, उरलेल्या निम्म्यांच्या कवटीला फक्त भोक पाडले आणि पेशी घातल्याच नाहीत. कोण कुठल्या गटात आहे हे रुग्णांना माहीत नव्हते. ऐकायला हे निष्ठुर वाटते, पण पार्किन्सन्समध्ये नुसत्या आशेनेही माणूस काही काळ बरा चालू लागतो, म्हणून असे करावे लागले. २००१ मध्ये निकाल आले. साठीच्या आतल्या रुग्णांत काहीशी सुधारणा दिसली, वयस्क रुग्णांत ती दिसली नाही. आणि पेशी मिळालेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना पुढे अंगाच्या अनावर हालचाली सुरू झाल्या, गोळी बंद केली तरी न थांबणाऱ्या.

२००८ मध्ये आणखी एक धक्का बसला. दहा-बारा किंवा त्याहून अधिक वर्षांपूर्वी पेशी घातलेल्या काही रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले गेले. दान म्हणून आलेल्या, तरुण पेशींमध्येही पार्किन्सन्सचे खुणेचे गोळे सापडले. आजार जुन्या पेशींतून नव्यांत पसरला असावा. पण याच तपासणीतून दुसरीही गोष्ट कळली. पुष्कळ नव्या पेशी इतक्या वर्षांनंतरही जिवंत होत्या.

अडचण नुसती वैद्यकीयही नव्हती. एका रुग्णासाठी अनेक गर्भांतल्या पेशी लागत, आणि त्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वयाच्या, जंतुमुक्त मिळाव्या लागत. युरोपातल्या ‘ट्रान्सयुरो’ चाचणीत २०१५ पासून केंब्रिज आणि लुंडमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. पण पुरेशा पेशी न मिळाल्याने ऐनवेळी शस्त्रक्रिया रद्द करण्याची वेळ वारंवार आली. रुग्ण तयार, शल्यविशारद तयार, आणि पेशी नाहीत. अशा दानावर लाखो रुग्णांचा उपचार उभा राहू शकत नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळले होते.

म्हणून नजर वळली मूळपेशींकडे. मूळपेशी म्हणजे अशी पेशी जी स्वतःसारख्या आणखी पेशी करत राहते आणि वेळ आली की कामाची पेशीही घडवते. मेंदूत अशा पेशी असतात हे १९९२ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युअल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूवर दाखवून दिले. त्याआधी मोठ्या माणसाच्या मेंदूत नवे काही जन्मत नाही असेच शिकवले जाई. मज्जासंस्थेतल्या पूर्वज पेशींवर नव्वदच्या दशकात महत्त्वाचे काम करणाऱ्यांत मुंबई विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतलेले महेंद्र राव हे एक नाव आहे. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पुनर्निर्माण वैद्यकाचे जे केंद्र उघडले, त्याचे संचालकपद २०११ मध्ये त्यांच्याकडे आले.

मेंदूच्या मूळपेशी काचेच्या बशीत वाढवता येतात. एका दानातून कोट्यवधी पेशी तयार करून गोठवून ठेवता येतात. दानाचा तुटवडा संपेल अशी पहिली खरी आशा इथे निर्माण झाली.

त्या पेशी पहिल्यांदा गेल्या मुलांच्या मेंदूत. बॅटन नावाचा एक दुर्मीळ वंशागत आजार आहे. मेंदूतल्या पेशींना टाकाऊ द्रव्य फोडणारे एक विकर तयार करता येत नाही, कचरा साठत जातो, आणि चालत-बोलत असलेले मूल दृष्टी, चाल, बोलणे असे एकेक हरवत जाते. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड इथल्या डोर्नबेकर बालरुग्णालयात अशा एका मुलाच्या मेंदूत दान केलेल्या मानवी मूळपेशी घालण्यात आल्या. नंतर आणखी पाच मुलांवर तोच प्रयोग झाला. इथे हेतू मेलेल्या पेशी बदलण्याचा नव्हता. नव्या पेशी ते हरवलेले विकर तयार करतील आणि शेजारच्या पेशींना वाचवतील, अशी अपेक्षा होती. पेशी मुलांना सोसल्या. मृत्यूनंतर झालेल्या तपासणीत त्या मेंदूत जिवंतही सापडल्या. पण आजार थांबला नाही. आजार फार पुढे गेलेली मुले निवडली गेली होती, कारण पहिल्या प्रयोगात तेवढीच परवानगी मिळते. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत मज्जातंतूंवरचे आवरण न बनणाऱ्या आजाराच्या चार मुलांना याच पेशी दिल्या गेल्या. २०१२ मध्ये त्या मुलांच्या एमआरआयमध्ये नवे आवरण तयार होत असल्याच्या खुणा दिसल्याचे प्रसिद्ध झाले. या पेशी तयार करणारी कंपनी २०१६ मध्ये पैशाअभावी बंद पडली. विज्ञानाच्या या शाखेत अशा अपूर्ण गोष्टी पुष्कळ आहेत, आणि त्या जाहिरातीत कधीच दिसत नाहीत.

इटलीत आंजेलो वेस्कोवी यांच्या गटाने आपोआप झालेल्या गर्भपातांतून मिळालेल्या मेंदूपेशी वापरल्या. २०१२ मध्ये त्यांनी ए.एल.एस.च्या रुग्णांपासून सुरुवात केली. २०२३ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांबरोबर त्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, बहुतेक चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या, १५ रुग्णांचा अहवाल दिला. वर्षभर पाहिले तर गंभीर दुष्परिणाम झाले नाहीत, आणि त्या काळात अपंगत्वही वाढले नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून पेशींचा उपयोग झाला असे संशोधकांनी ठामपणे म्हटले नाही. त्यांचा हा संयम वाखाणण्याजोगा आहे.

आता एक अशी घटना, जी प्रत्येक पालकाने वाचावी. इस्रायलमधल्या एका मुलाला तोल आणि हालचाल बिघडवणारा वंशागत आजार होता. २००१ मध्ये, तो नऊ वर्षांचा असताना, पालक त्याला मॉस्कोला घेऊन गेले. तिथे गर्भाच्या मेंदूतून घेतलेल्या पेशी त्याच्या मेंदूत आणि पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात टोचल्या गेल्या, एकदा नव्हे तर पुढे आणखी दोनदा. तेराव्या वर्षी त्याचे डोके दुखू लागले. तपासणीत मेंदूत आणि पाठीच्या कण्यात गाठी दिसल्या. कण्यातली गाठ काढून तिची जनुकीय तपासणी केली, तेव्हा ती मुलाच्या स्वतःच्या पेशींची नव्हतीच. मुलगा पुरुष, आणि गाठीत स्त्रीच्या पेशी. त्याही किमान दोन वेगळ्या दात्यांच्या. टोचलेल्या पेशी वाढतच राहिल्या होत्या. २००९ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या नियामकांनी त्याची दखल घेतली. जी शक्ती मूळपेशीला उपयोगी बनवते, म्हणजे वाढत राहण्याची, तीच तिला धोकादायकही बनवते. पेशी किती शुद्ध आहेत, त्यांत वाढ न थांबणारी एखादी राहिली आहे का, हे तपासायला वर्षे लागतात. मॉस्कोत ती तपासणी झाली होती याचा पुरावा कोणाला मिळाला नाही.

गेल्या काही वर्षांत पेशींचा स्रोत बदलला आहे. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी नळीतल्या गर्भधारणेच्या उपचारांत शिल्लक राहिलेल्या, जोडप्यांनी दान केलेल्या भ्रूणांपासून पेशींच्या अखंड वाढणाऱ्या पिढ्या तयार केल्या. त्यांतली ‘एच-९’ नावाची एक पिढी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आहे. त्यानंतर २००६ मध्ये क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी दाखवले की त्वचेच्या साध्या पेशीलाही चार जनुकांच्या मदतीने मूळपेशीच्या अवस्थेत परत नेता येते. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आता गर्भाची गरज उरली नाही. निरोगी दात्याचे थोडे रक्तही पुरे.

एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दोन अहवाल एकाच वेळी छापून आले आणि पार्किन्सन्सचे जग एकदम जागे झाले. पहिला अमेरिका आणि कॅनडाचा. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग केंद्रातल्या व्हिव्हियान तबार आणि लोरेन्झ स्टुडर यांच्या कामावर तो उभा होता. ‘एच-९’पासून घडवलेल्या डोपामिन-पेशी १२ रुग्णांच्या मेंदूत दोन्ही बाजूंना घातल्या. पाच जणांना कमी मात्रा, सात जणांना जास्त, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे २७ लाख पेशी. दीड वर्षात पेशींमुळे कोणाला गंभीर इजा झाली नाही. मेंदूच्या चित्रांत डोपामिनचा वापर वाढलेला दिसला. जास्त मात्रेच्या गटात, गोळीचा असर उतरलेला असताना मोजलेल्या हालचालींच्या गुणांत सरासरी २३ अंकांची सुधारणा झाली. दुसरा अहवाल क्योतोच्या जुन ताकाहाशी यांचा: निरोगी दात्याच्या पेशींपासून घडवलेल्या डोपामिन-पेशी सात रुग्णांना दिल्या, दोन वर्षे पाहिले, गाठी झाल्या नाहीत, आणि गोळीविना तपासलेल्या सहापैकी चौघांत सुधारणा दिसली. फ्रीडच्या रुग्णांना सतावणाऱ्या अनावर हालचाली दोन्हीकडे डोकेदुखी ठरल्या नाहीत.

दोन्ही मिळून रुग्ण एकोणीस. दोन्हीकडे तुलनेचा गट नव्हता. रुग्णांना प्रत्यारोपणानंतर शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागली, मूत्रपिंड बदललेल्या माणसाला घ्यावी लागतात तशीच, फक्त ठरावीक काळापुरती. आणि हे अल्झायमरला लागू होत नाही. पार्किन्सन्समध्ये एका ठिकाणच्या, एका जातीच्या पेशी मुख्यतः मरतात, म्हणून त्या बदलण्याची कल्पना तरी करता येते. अल्झायमरमध्ये मेंदूचा मोठा भाग आणि अनेक जातींच्या पेशी एकदमच झिजतात. तिथे पेशी कुठे घालायच्या हाच प्रश्न सुटलेला नाही. ‘मेंदूचा कुठलाही आजार’ एकाच इंजेक्शनने बरा करण्याची भाषा जो करतो, त्याला हा साधा फरकही माहीत नसतो किंवा तो लपवायचा असतो.

भारत या कहाणीत अगदी सुरुवातीपासून आहे. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारी पैसा फक्त तोवर तयार झालेल्या भ्रूणपेशींच्या पिढ्यांवरच खर्च होईल असे जाहीर केले, तेव्हा निघालेल्या ६४ पिढ्यांच्या यादीत दहा भारतातल्या होत्या: मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या तीन. त्या यादीतल्या बहुतेक पिढ्या प्रत्यक्ष कामाला आल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी. नंतर परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने ‘किंड-१’ आणि ‘किंड-२’ या भारतीय पिढ्या तयार केल्या. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात डॉ. पंकज सेठ यांची प्रयोगशाळा संमतीने मिळालेल्या गर्भाच्या मेंदूतल्या मूळपेशींवर काम करते, पण त्या रुग्णाला देण्यासाठी नसतात. एखादा विषाणू मेंदूचे काय करतो हे बशीत पाहण्यासाठी त्या वापरल्या जातात.

दात्याच्या पेशी पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत घालण्याचा प्रयोग बंगळुरूला झाला. डॉ. एन. के. वेंकटरमण आणि सहकाऱ्यांनी आधी सात रुग्णांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या आणि २०१० मध्ये ते प्रसिद्ध केले. नंतर निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी १२ रुग्णांना दिल्या, तो अहवाल २०१२ चा. दुष्परिणाम फारसे नव्हते, आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या काहींना बरे वाटले. पण अस्थिमज्जेतल्या पेशी म्हणजे मेंदूच्या मूळपेशी नव्हेत. त्या डोपामिनच्या पेशींची जागा घेतात याचा भक्कम पुरावा नाही.

हा फरक ध्यानात ठेवायला हवा, कारण भारतात बाजारात ‘स्टेम सेल’ म्हणून विकले जाते ते बहुतेक वेळा हेच असते: रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढलेला मगज, थोडा गाळून पाठीच्या कण्यात टोचलेला. किंवा नाळेतल्या पेशी. क्योतो आणि न्यूयॉर्कच्या पेशींशी त्यांचे नावापुरतेच नाते आहे. मोठ्या शहरांतल्या जाहिराती मात्र नोबेलचा, जपानचा उल्लेख करतात आणि वाचणाऱ्याला वाटते की तेच आपल्याला मिळणार आहे.

कायदा इथे स्पष्ट आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वे ‘मूळपेशी संशोधन आणि उपचार’ अशा नावाची होती. २०१३ मध्ये त्यांतला ‘उपचार’ हा शब्द मुद्दाम काढला गेला. २०१७ च्या तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठी होणारे रक्तमूळपेशींचे प्रत्यारोपण सोडले तर मूळपेशींचा कोणताही वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. २०१९ च्या नव्या औषध नियमांनी मूळपेशींपासून तयार केलेल्या उत्पादनाला नवे औषध मानले. म्हणजे त्याला औषधासारखीच परवानगी लागते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने ऑटिझमसाठी मूळपेशी देण्याची शिफारस करता येत नाही आणि तसे करणे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे सांगितले. पार्किन्सन्स, अल्झायमर, ए.एल.एस. यांपैकी एकाही आजारासाठी मूळपेशींचा उपचार भारतात मंजूर झालेला नाही.

यामागे दात्यांचाही विचार आहे, आणि तो फारसा बोलला जात नाही. ज्या स्त्रीचा गर्भपात झाला, ज्या जोडप्याने आपले उरलेले भ्रूण दिले, ज्याने आपले रक्त दिले, त्यांच्यापैकी कोणीही त्यातून पैसे मिळवलेले नाहीत. भारतीय नियमही हेच सांगतात: गर्भपाताचा निर्णय आणि पेशी देण्याचा निर्णय वेगवेगळा घ्यायचा, आधी गर्भपात ठरायचा आणि मगच दानाचे विचारायचे, दात्याला मोबदला द्यायचा नाही, आणि कागदावरची संमती समजेल अशा भाषेत घ्यायची. दुःखाच्या क्षणी एखादी बाई ‘यातून कुणाचे भले होत असेल तर घ्या’ म्हणते. तिच्या त्या शब्दांवर कोणी गल्ला भरणे, हे मूळपेशींच्या बाजारातले सर्वांत कुरूप सत्य आहे. मेंदू दान करण्याचीही सोय आपल्या देशात आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी चालते. तिथे मृत्यूनंतर आलेले मेंदू अभ्यासले जातात. दानातल्या पेशींतही आजाराच्या खुणा होत्या हे २००८ मध्ये कळू शकले, ते रुग्ण गेल्यावर त्याचा मेंदू तपासू देणाऱ्या कुटुंबांमुळे.

आज हाती काय आहे? गोळी आहे, आणि ती वेळेवर घेतली तर पुष्कळ वर्षे चांगली जातात. चालण्याचा, तोल सांभाळण्याचा, मोठ्याने बोलण्याचा व्यायाम आहे. तो औषधाइतकाच लागतो आणि इस्लापूरच्या अंगणातही करता येतो. निवडक रुग्णांसाठी मेंदूत तार बसवून विद्युतस्पंद देण्याची शस्त्रक्रिया आहे. मुंबईत डॉ. परेश दोशी यांनी ती जसलोक रुग्णालयात गेली अनेक वर्षे केली. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि घरच्यांसाठी भेटी आणि व्यायामाचे वर्ग घेतात, फोनवर बोलतात.

आणि पेशींचे पुढचे पाऊल पडले आहे. अमेरिकेतल्या त्याच पेशींची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्यात सुमारे शंभर रुग्ण घ्यायचे आहेत, आणि फ्रीडच्या काळासारखेच काहींना पेशी मिळतील, काहींच्या डोक्यावर फक्त खोटी शस्त्रक्रिया होईल. त्यांना ते आधीच सांगितलेले असते, आणि तरी ते सही करतात.

तोवर कोणी ‘स्टेम सेल’ देतो म्हणाले तर कुटुंबाने तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, या चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? भारतात १५ जून २००९ पासून प्रत्येक वैद्यकीय चाचणी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सीटीआरआय नोंदवहीत नोंदवणे बंधनकारक आहे. ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. गावातल्या कॉलेजात शिकणारा एखादा मुलगाही पाच मिनिटांत क्रमांक तपासून देईल. दुसरी, या पेशी कोणाच्या आणि कुठे तयार झाल्या, आणि नीती समितीने मंजुरी दिल्याचा कागद आहे का? तिसरी, पैसे किती? खऱ्या चाचणीत रुग्णाकडून पेशींचे, शस्त्रक्रियेचे, तपासणीचे पैसे घेतले जात नाहीत. उलट चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर असते. पाच लाख, आठ लाख असा आकडा समोरून आला, तर ती चाचणी नाही हे तिथेच ठरते, आणि शेताचा सातबारा घरीच राहू द्यावा.